सायरनसेस्टर

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यातील, चर्न नदीकाठी वसलेले बाजारपेठेचे नगर. लोकसंख्या सुमारे २०,००० (२०२१). रोमन काळात त्याचे नाव कोरिनियम डोबुन्नोरम होते. डोबुन्नी या स्थानिक जमातीचे ते मुख्य ठाणे, आणि विस्ताराने रोमन ब्रिटनमध्ये लंडनच्या खालोखालचे. आजची आटोपशीर वस्ती पाहून हे सहजी खरे वाटत नाही. पण तटबंदीच्या आत सुमारे ९६ हेक्टर जमीन होती.

इ. स. पहिल्या शतकाच्या मध्यास येथे लष्करी किल्ला होता. सैन्य पुढे सरकल्यावर त्या जागी नगर वाढले. एक्सेटरहून लिंकनला जाणारा फॉस वे, तसेच अर्मिन स्ट्रीट व एकमन स्ट्रीट हे रोमन रस्ते येथे मिळतात. भरभराटीचे मूळ यातच आहे. नगराबाहेरच्या रंगमंडलाचे आता गवताने झाकलेले मातीचे उंच बांध उरले आहेत. कोरिनियम संग्रहालयातील फरसबंदीची रंगीत खडीचित्रे मात्र उत्तम टिकली आहेत. त्यांतले सशाचे चित्र विशेष प्रसिद्ध आहे, आणि त्या कारागिराचा हात पाहता ती प्रसिद्धी रास्तच म्हणावी लागेल.

५७७ मध्ये डिरमच्या लढाईनंतर नगर सॅक्सनांच्या हाती गेले. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत येथील बाजाराचा उल्लेख आहे. पहिल्या हेन्रीने १११७ मध्ये ऑगस्टिनियन मठ स्थापन केला आणि पुढची चार शतके मठ व गावकरी यांच्या भांडणात गेली. लोकरीच्या व्यापारात पैसा गावकऱ्यांनी मिळवावा आणि गावावर सत्ता मठाधिपतीने गाजवावी, हे व्यापाऱ्यांना कसे रुचणार? १४०० च्या जानेवारीत चौथ्या हेन्रीविरुद्ध उठलेल्या सरदारांना येथील लोकांनीच पकडले, आणि केंट व सॉल्सबरीच्या अर्लांची मुंडकी उडवली. या राजनिष्ठेचे बक्षीस म्हणून १४०३ मध्ये व्यापारी संघाची सनद मिळाली. १५३९ मध्ये मठ बरखास्त होऊन त्याच्या इमारती पाडल्या गेल्या. सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च तेवढे राहिले. मठाने १४९० च्या सुमारास बांधलेली त्याची तीन मजली दक्षिण देवडी पुढे गावाचे नगरभवन म्हणून वापरात आली. भांडणाचा निकाल असा उशिरा लागला.

१८४५ मध्ये येथे स्थापन झालेले शेतकी महाविद्यालय २०१३ पासून रॉयल ॲग्रिकल्चरल युनिव्हर्सिटी आहे. नगराचे रेल्वेस्थानक १९६४ मध्ये बंद पडले. आता जवळचे स्थानक केंबल. चर्चसमोरच्या चौकातला बाजार सोमवारी व शुक्रवारी भरतो.