पावसासाठी बालबळी

मेक्सिको सिटीच्या भर वस्तीत १९७८ साली वीज कंपनीच्या खोदकामात एक प्रचंड कोरीव शिळा लागली आणि अझ्टेकांचे महामंदिर ‘टेम्प्लो मायोर’ पुन्हा उजेडात आले. पुढील उत्खननात पर्जन्यदेव त्लालोकच्या बाजूला एका दगडी पेटीत किमान ४२ बालकांचे सांगाडे सापडले. वये बहुतेक दोन ते सात! अनेकांचे दात किडलेले, हाडांवर रक्तक्षयाच्या खुणा. संशोधक या बळींचा संबंध १४५४ च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळाशी जोडतात.

सोळाव्या शतकातील स्पॅनिश धर्मगुरू सहागुन यांनी जाणत्या अझ्टेकांकडून ही माहिती लिहून घेतली होती. बळींचे आकडे स्पॅनिशांनी फुगवले असतील. पण ही हाडे काही त्यांनी पुरलेली नव्हेत. सहागुन लिहितात, मुले आयांकडून विकत घेत. सजवून, पालखीतून डोंगरावर नेत. वाटेत ती रडली तर पाऊस नक्की, अशी समजूत! निवड कशी? डोक्यावर दोन भोवरे असलेली मुले शोधत. आपल्याकडे अशा मुलाची दोन लग्ने होणार म्हणून थट्टा होते. तिथे मात्र तीच खूण पाहून मूल उचलत.