पसाऱ्याला शाळेत जागा कशी मिळाली?

पाणी ओतणे, माती चिवडणे, हाती लागेल ते तोंडात घालणे – वर्ष-दीड वर्षाच्या मुलाच्या या उद्योगांना आपण सर्रास ‘पसारा’ म्हणतो. या पसाऱ्याला शिक्षण मानायला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

१८०० साली फ्रान्समधील आव्हेरों भागात रानात वाढलेला एक मुलगा सापडला. वय अंदाजे अकरा-बारा. पॅरिसच्या मूकबधिर संस्थेतील तरुण डॉक्टर इतार यांनी त्याला शिकवायला घेतले. त्याला थंडी-उष्णतेचे भानच नव्हते, म्हणून त्यांनी सुरुवात केली ती रोज गरम पाण्याच्या लांबलचक आंघोळीने. काही काळाने तो मुलगा पाण्यात उतरण्याआधी बोट बुडवून पाहू लागला. त्याला बोलणे जवळजवळ आले नाहीच. पण ज्ञानेंद्रियांनाही वळण देता येते, हे दिसले. इतार यांचे काम सेगँ यांनी पुढे नेले.

या दोघांचे लेखन रोमच्या डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांनी स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून काढले. १९०७ मध्ये सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह सुरू झाले. एक ते दहा सेंटिमीटर बाजूंचे दहा ठोकळे, पॉलिशकागदाची खरखरीत अक्षरे अशी साधने मुले स्वतः हाताळत.

भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातील मुलांसाठी काम आरंभले. तेथे महागडी साधने परवडणारी नव्हती. मग शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली! अनुताई वाघांच्या साथीने हे काम पुढे कोसबाडला बहरले. विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आल्या.

पण हाताळण्याने नेमके काय साधते? हेल्ड आणि हाइन यांनी १९६३ मध्ये मांजरीच्या पिलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. अंधारात वाढवलेल्या पिलांच्या जोड्या रोज तीन तास उजेडात एका फिरत्या दांड्याला जोडत. एक पिलू स्वतः चालायचे. दुसरे टोपलीत बसून तेवढेच फिरायचे. दोघांना दिसायचे जवळपास सारखेच. तरीही, पुढ्यात पृष्ठभाग आला की पंजा पुढे करणे चालणाऱ्यालाच जमले. टोपलीतले पिलू मोकळे सोडल्यावर मात्र दोनच दिवसांत सावरले.

मांजराचे पिलू म्हणजे मूल नव्हे, आणि या प्रयोगावरून ‘अमुक खेळण्याने बुद्धी वाढते’ असे सिद्ध होत नाही. पण आपल्याला त्यातून एक प्रश्न मिळतो : माझ्या वर्गातले मूल चालते आहे, की टोपलीत बसले आहे? बाईंनी उंच धरून दाखवलेले चित्र आणि पडद्यावर पळणारे चित्र, दोन्ही टोपलीच.

उपाय खर्चिक नाही. घंगाळात चार बोटे पाणी, दोन वाट्या, ओली माती, गोणपाट व मऊ कापड यांचे तुकडे एवढे पुरते. तीन वर्षांखालच्या मुलांना चिंचोके-मणी देऊ नयेत, ते घशात अडकतात. पाण्याजवळ मोठ्या माणसाने बसूनच राहावे. पण वाटी मुलाच्याच हातात असू द्यावी.