गदर कटातील हेर व दुहेरी हेर

गदर कटातील हेर व दुहेरी हेर : पहिल्या महायुद्धाच्या काळात (१९१४–१८) ब्रिटिश सत्ता सशस्त्र उठावाने उलथून टाकण्याचा जो प्रयत्न गदर पक्षाने व हिंदुस्थानातील क्रांतिकारकांनी केला, त्याची माहिती शासनास पुरविणाऱ्या व्यक्ती. यांत पगारी गुप्तचर, कटात पेरलेले खबरे, लष्करातील राजनिष्ठ अंमलदार, शत्रूच्या सेवेतून फुटलेले दुहेरी हेर आणि अटकेनंतर माफीचे साक्षीदार झालेले कटवाले असे भिन्न प्रकार आढळतात. पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील विष्णु गणेश पिंगळे यांचे आयुष्य अशाच एका अंमलदाराच्या विश्वासघातामुळे संपले. त्यामुळे महाराष्ट्राच्या इतिहासातही या प्रकरणास महत्त्व आहे.

पार्श्वभूमी : अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लाकूड गिरण्यांत व शेतांवर राबणारे पंजाबी मजूर आणि तेथील विद्यापीठांत शिकणारे हिंदी विद्यार्थी यांनी १९१३ मध्ये जी संघटना उभारली, ती पुढे गदर पक्ष या नावाने ओळखली जाऊ लागली. सोहनसिंग भकना हे तिचे अध्यक्ष व लाला हरदयाळ हे चिटणीस होते. १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथून गदर हे पत्र सुरू झाले. सुरुवातीच्या कार्यकर्त्यांत वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे आणि सिॲटल येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेणारे पिंगळे हे दोन महाराष्ट्रीय तरुण होते. युद्ध सुरू होताच ब्रिटन संकटात आहे हे हेरून पक्षाने आपल्या सभासदांना मायदेशी परतून उठाव करण्याचे आवाहन केले आणि ते उघडपणे वृत्तपत्रातून केले. लपविण्यासारखे फारसे काही न ठेवता सुरू झालेल्या या चळवळीचा माग काढणे शासनास म्हणूनच सोपे गेले. परत येणाऱ्या जहाजांवरील उतारूंची बंदरातच छाननी होई. त्यासाठी १९१४ मध्येच खास वटहुकूम काढण्यात आला होता.

कॅनडातील हेरयंत्रणा : हेरगिरीचा पहिला अध्याय हिंदुस्थानाबाहेर घडला. व्हँकूव्हर येथील आप्रवासन खात्यातील अधिकारी विल्यम हॉपकिन्सन हा पूर्वी कलकत्ता पोलीस दलात होता व त्यास हिंदी भाषा अवगत होती. कॅनडातील शीख वस्तीत त्याने खबऱ्यांचे जाळे विणले. बेलासिंग हा त्यांपैकी प्रमुख होय. सप्टेंबर १९१४ मध्ये बेलासिंगने व्हँकूव्हरच्या गुरुद्वारात गोळीबार केला. त्यात भागसिंग व बतनसिंग हे दोन पुढारी मरण पावले. बेलासिंगच्या बचावासाठी साक्ष देण्यास हॉपकिन्सन आला असता, २१ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यायालयाच्या इमारतीतच मेवासिंग याने त्यास गोळ्या घालून ठार केले. मेवासिंगने गुन्हा नाकारला नाही. ११ जानेवारी १९१५ रोजी त्यास फाशी देण्यात आले. बेलासिंग निर्दोष सुटला, परंतु पुढे पंजाबात परतल्यावर त्याचाही खून झाला. एकाच धर्मस्थळी जमणाऱ्या, एकमेकांस नावाने ओळखणाऱ्या लहानशा समाजात हेरगिरीने किती खोल दुफळी माजविली, हे या घटनाक्रमावरून दिसून येते.

उठावाची योजना : पिंगळे हे कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर नोव्हेंबर १९१४ मध्ये कलकत्त्यास उतरले. बंगालमधील क्रांतिकारकांशी संपर्क साधून त्यांनी वाराणसी येथे रासबिहारी बोस यांची भेट घेतली आणि पंजाबातील गदरवाले व बंगालमधील गुप्त मंडळे यांच्यात दुवा जोडला. जानेवारी १९१५ मध्ये रासबिहारी पंजाबात आले. लाहोरनजीकची मियाँमीर छावणी, फिरोजपूर, रावळपिंडी व मीरत येथील देशी पलटणींमध्ये दूत पाठविण्यात आले. २१ फेब्रुवारी १९१५ या दिवशी मियाँमीर व फिरोजपूर येथील सैनिकांनी शस्त्रागारे ताब्यात घ्यावीत व इतर छावण्यांनी त्यांचे अनुकरण करावे, अशी योजना होती. युद्धामुळे हिंदुस्थानातील गोऱ्या सैन्याची संख्या बरीच घटली होती. त्यामुळे योजनेस आधार होता, परंतु तिचे सारे यश अकस्मात हल्ल्यावर अवलंबून होते.

कृपालसिंग : उठावाची वार्ता शासनास दिली ती कृपालसिंग याने. मियाँमीर येथील तेविसाव्या घोडदळातील बलवंतसिंग या सैनिकाचा तो नातलग होता. पंजाब पोलिसांनी या नात्याचा उपयोग करून त्यास फेब्रुवारी १९१५ च्या पूर्वार्धात कटात पेरले. अमृतसर येथील पोलीस अधिकारी लियाकत हयात खान यांच्याशी त्याचा संपर्क होता. नातेसंबंध, एक गाव व एक पलटण हीच गदरवाल्यांच्या विश्वासाची कसोटी होती. कृपालसिंग त्या कसोटीस उतरला आणि अल्पावधीतच लाहोरच्या गुप्त घरापर्यंत पोहोचला. २१ तारखेची बातमी त्याने पोलिसांना कळविली.

त्याच्या हालचालींचा कटवाल्यांना लवकरच संशय आला. नेमून दिलेल्या कामगिरीऐवजी तो भलत्याच ठिकाणी आढळला होता. परिणामी उठावाचा दिवस दोन दिवस अलीकडे, म्हणजे १९ फेब्रुवारीस, आणण्यात आला. मात्र संशयित व्यक्तीस दूर करण्याचा निर्णय झाला नाही. त्यास नजरेआड होऊ द्यायचे नाही, एवढेच ठरले. कृपालसिंगला नवी तारीखही समजली आणि १९ फेब्रुवारी रोजी संधी साधून त्याने ती पोलिसांना कळविली. त्याच दिवशी लाहोरच्या घरावर छापा पडला. काही कटवाले, बाँब व उठावासाठी तयार केलेले झेंडे पोलिसांच्या हाती लागले. छावण्यांतील देशी सैनिकांचे पहारे काढून घेण्यात आले. त्या रात्री फिरोजपूरला आपली तुकडी घेऊन गेलेल्या कर्तारसिंगांना शस्त्रागारापर्यंत पोहोचता आले नाही. उठाव सुरू होण्यापूर्वीच मोडला. रासबिहारी निसटून वाराणसीस गेले व मे १९१५ मध्ये प्रियनाथ टागोर या नावाने जहाजाने जपानला रवाना झाले.

पिंगळे यांची अटक : लाहोरच्या अपयशानंतर बहुतेक पुढारी परागंदा झाले. पिंगळे यांनी मात्र सैन्यात उठाव घडविण्याचा प्रयत्न सोडला नाही. मीरत येथील बाराव्या घोडदळातील नादिर खान या अंमलदाराने त्यांना साहाय्याचे वचन दिले. हा मनुष्य वरिष्ठांना सर्व हकीकत कळवीत होता. त्याच्या भरवशावर पिंगळे बाँब घेऊन मीरतच्या छावणीत गेले व २३ मार्च १९१५ रोजी घोडदळाच्या वसाहतीतच पकडले गेले. त्यांच्याजवळील पेटीत दहा बाँब होते. ते अर्धी पलटण नष्ट करण्यास पुरेसे होते, असा उल्लेख पुढे रौलट समितीच्या अहवालात आला. कर्तारसिंग हेही मार्चच्या प्रारंभी सरगोधा भागात सैनिकांत प्रचार करीत असताना गंडासिंग या रिसालदाराने दिलेल्या खबरीवरून पकडले गेले. दोन्ही प्रसंगी फसविणारा हा पोलिसांचा पगारी हेर नव्हता. पलटणीची शिस्त, नोकरीची निष्ठा व बक्षिसाची अपेक्षा यांनी बांधलेला तो सैनिक होता. ज्या सैन्यावर कटाची सारी भिस्त होती, त्यातूनच हे विश्वासघात झाले.

माफीचे साक्षीदार व खटले : मार्च १९१५ मध्ये हिंदुस्थान संरक्षण कायदा संमत झाला. त्यानुसार तीन आयुक्तांचे विशेष न्यायमंडळ नेमण्यात आले व त्याच्या निर्णयावर अपील करण्याची सोय ठेवण्यात आली नाही. लाहोरच्या मध्यवर्ती कारागृहात २६ एप्रिल १९१५ रोजी पहिल्या लाहोर कटाच्या खटल्याची सुनावणी सुरू झाली. हेराने दिलेली बातमी छाप्यास पुरेशी असली, तरी शिक्षेसाठी कटाची सलग हकीकत सांगणारा साक्षीदार लागतो. ती उणीव नवाबखान, मूलासिंग, अमरसिंग इ. माफीच्या साक्षीदारांनी भरून काढली. १३ सप्टेंबर १९१५ रोजी २४ आरोपींना फाशीची शिक्षा झाली. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी त्यांतील १७ जणांची शिक्षा कमी करून जन्मठेपेची केली. उरलेल्या सात जणांना, ज्यांत पिंगळे व कर्तारसिंग यांचा समावेश होता, १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोर येथे फाशी देण्यात आले. तेविसाव्या घोडदळातील बारा सैनिकांना लष्करी न्यायालयाने मृत्युदंड दिला.

पूर्वेकडील दुहेरी हेर : पंजाबातील उठाव फसल्यानंतर जर्मनीच्या मदतीने बंगालमध्ये शस्त्रे उतरविण्याची योजना चालू राहिली. बटाव्हिया, शांघाय व बँकॉक ही तिची केंद्रे होती. बंगालमधील नेते जतींद्रनाथ मुखर्जी हे ९ सप्टेंबर १९१५ रोजी बालासोरनजीक पोलिसांशी झालेल्या चकमकीत जखमी होऊन दुसऱ्या दिवशी मरण पावले. व्हिन्सेंट क्राफ्ट हा डच ईस्ट इंडीजमध्ये जन्मलेला जर्मन हस्तक ऑगस्ट १९१५ मध्ये सिंगापूर येथे ब्रिटिशांच्या हाती लागला आणि स्वतःच्या सुटकेसाठी त्यांचा हेर बनला. नाताळच्या सुमारास बंगालमध्ये उठाव करावा व अंदमानवर हल्ला करून तेथील कैदी मुक्त करावेत, या बेताची माहिती त्याच्याकडून मिळाली आणि बेत हाणून पाडण्यात आला. कृपालसिंग मुळापासून शासनाचा मनुष्य होता, तर क्राफ्टने एका पक्षाची सेवा करीत असतानाच दुसऱ्याची पत्करली. काटेकोर अर्थाने दुहेरी हेर ही संज्ञा त्यालाच लागू पडते.

यूरोपातील पाळतीचे काम जॉन वॉलिंजर पाहत असे. तो मुंबई इलाख्याच्या पोलीस सेवेतील अधिकारी होता. ब्रिटिश कादंबरीकार सॉमरसेट मॉम याने युद्धकाळात स्वित्झर्लंडमध्ये त्याच्या हाताखाली काम केले. ॲशेंडेन (१९२८) या त्याच्या कथासंग्रहास हाच अनुभव आधारभूत आहे.

परिणाम : हेरांनी कट उघडकीस आणला, त्याचबरोबर त्यांनी चळवळीतील परस्परविश्वासही नष्ट केला. अमेरिका युद्धात उतरल्यावर सॅन फ्रान्सिस्को येथे गदरवाले व जर्मन अधिकारी यांच्यावर खटला भरण्यात आला. एप्रिल १९१८ मध्ये खटल्याच्या अखेरीस गदरचे तत्कालीन प्रमुख रामचंद्र यांना रामसिंग या सहआरोपीने भर न्यायालयात गोळी घालून ठार केले व तोही तेथेच मारला गेला. पक्षाच्या पैशाचा अपहार व विश्वासघात केल्याचा संशय रामचंद्रांवर घेतला जात होता. खानखोजे इराणमार्गे हिंदुस्थानच्या सरहद्दीकडे जाण्याच्या प्रयत्नात होते. त्यांना पुढे दीर्घकाळ परदेशी राहावे लागले. मेक्सिकोत त्यांनी कृषिशास्त्रज्ञ म्हणून लौकिक मिळविला. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी परतले व १९६७ मध्ये नागपूर येथे मरण पावले.

कायद्याच्या दृष्टीने झालेला परिणाम अधिक व्यापक होता. खबऱ्यांचे जबाब व माफीच्या साक्षीदारांच्या कैफियती यांच्या आधारे रौलट समितीने १९१८ मध्ये आपला अहवाल सादर केला. युद्धकाळापुरते असलेले असाधारण अधिकार शांतताकाळातही शासनाकडे ठेवावेत, असा त्याचा आशय होता. त्यातून १९१९ चा रौलट कायदा आला. त्याविरुद्ध देशभर उसळलेल्या आंदोलनाच्या काळातच १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसर येथील जालियनवाला बागेत हत्याकांड झाले. ज्या प्रांतात गुप्त वार्तेच्या बळावर १९१५ चा उठाव रक्तपाताशिवाय दडपला गेला, त्याच प्रांतात चार वर्षांनी निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडण्यात आल्या.

मूल्यमापन : पंजाबचे तत्कालीन लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओड्वायर यांनी आपल्या आठवणींत पोलिसांच्या कामगिरीचा गौरव केला आहे. शासकीय कागदपत्रांत हेर हा साधन म्हणून येतो आणि क्रांतिकारकांच्या आठवणींत देशद्रोही म्हणून. या दोन्ही चित्रांवरून एक निष्कर्ष निघतो. कृपालसिंग किंवा नादिर खान यांचे चातुर्य असामान्य नव्हते. नात्यावर, गावकीवर व पलटणीतील बंधुभावावर संघटना उभी राहिली होती आणि हेरही त्याच वाटेने आत शिरले. गुप्ततेची दुसरी व्यवस्था उभारण्यास पिंगळे व त्यांच्या सहकाऱ्यांना तीन महिन्यांहून अधिक अवधी मिळाला नाही. फाशी झाली त्या वेळी कर्तारसिंग जेमतेम एकोणीस वर्षांचे होते आणि पिंगळे तिशीच्या आतच होते.