तह वाचायचा कोणी?

पांढुर्णा आणि सौसर मध्य प्रदेशात, वरुड आणि मोर्शी महाराष्ट्रात. दोन्हीकडे संत्र्याच्या बागा, दोन्हीकडे कपाशी, घराघरात मराठी आणि सोयरीक पिढ्यान्‌पिढ्यांची. मधली रेघ १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत पडली असं आपण सहज म्हणतो. तिचं मूळ त्याहून दीडशे वर्षं मागे, एका तहाच्या कागदात आहे. अडगावची लढाई हरल्यावर आणि गाविलगड पडल्यावर दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगाव इथे ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड त्यांच्या हातून गेला आणि कंपनीचा दोस्त म्हणून निजामाच्या पदरात पडला. वर्धेच्या अलीकडचा आमचा मुलूख नागपूरकरांकडे राहिला.

राज्यं आपल्या शब्दाला बांधील असतात का, हा प्रश्न आज हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय आणि न्यूयॉर्कचा संयुक्त राष्ट्रसंघ यांच्या संदर्भात विचारला जातो. या मुलखाने तो फार आधी सोसला आहे.

देवगावच्या तहात एक कलम होतं. लढाई चालू असताना इंग्रजांनी भोसल्यांच्या मांडलिकांशी जे करार केले, ते रघूजींनी मान्य करायचे. कोणाशी केले त्याची यादी मागाहून येणार होती. यादी आली तेव्हा तिच्यात ओडिशाकडची संबळपूर आणि पाटणा ही संस्थानं निघाली. रघूजी हबकले. सही झालेल्या कलमाचा अर्थ असा होतो हे त्यांना सहीनंतर कळत होतं. नागपूरच्या रेसिडेन्सीत तेव्हा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता. वाद चालला आणि १८०६ मध्ये कंपनीने दोन्ही संस्थानं परत केली. ती परत मिळाली कारण कलकत्त्याचं धोरण बदललं होतं. कलमाचा अर्थ लावण्याचा अधिकार एकाच बाजूकडे होता. पुढच्या पन्नास वर्षांचं सगळं बीज मला इथे दिसतं.

भोसल्यांना धुतल्या तांदळासारखं मानायचंही कारण नाही. हा मुलूख त्यांच्या आधी देवगडच्या गोंड राजांचा. पहिल्या रघूजींना गोंड राणीने वारसाच्या भांडणात मदतीला बोलावलं. मदत झाली आणि काही वर्षांत सत्ता रघूजींच्या हाती आली. गोंड राजा बुऱ्हाणशाहाला नागपुरात गादी, मान आणि वसुलीतला वाटा मिळाला. त्या बंदोबस्तावर गोंडांनी दाद कुठे मागायची होती?

पुढचा क्रम ठाऊक असलेला आहे. १८१६ मध्ये तैनाती फौजेचा तह, १८१७ च्या नोव्हेंबरात कंपनीशी सीताबर्डीची लढाई, मग आप्पासाहेब भोसल्यांची पदच्युती आणि सातपुड्यात गोंडांच्या आसऱ्याने केलेली धावपळ. लहानग्या तिसऱ्या रघूजींच्या नावाने रेसिडेंट जेन्किन्सने कारभार पाहिला आणि १८२६ मध्ये त्यांच्याशी नवा तह झाला. ११ डिसेंबर १८५३ रोजी ते वारले. मुलगा नव्हता. राण्यांनी यशवंतरावांना दत्तक घेतलं. गव्हर्नर-जनरल डलहौसीने म्हटलं, हे राज्य आम्हीच जिंकून परत दिलेलं, आता ते आमच्याकडे येतं. त्याच्याच कौन्सिलातल्या कर्नल जॉन लो याने लेखी विरोध नोंदवला, तरी १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. सौसर आणि पांढुर्णा कंपनीचे झाले. राजवाड्यातले हत्ती, घोडे, दागिने लिलावात गेले. राण्यांचे वकील लंडनपर्यंत गेले आणि रिकाम्या हाताने आले.

कोर्टात का गेले नाहीत? तंजावरच्या भोसल्यांकडे याचं उत्तर आहे. तिथले राजे शिवाजी १८५५ मध्ये पुत्राविना वारले आणि कंपनीने राज्याबरोबर खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि जिंकला. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. एका सत्तेने दुसऱ्या सत्तेशी केलेलं हे कृत्य आहे, ते न्याय्य असो वा अन्याय्य, कोर्टाने त्यात पडायचं नाही, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे तह दोन राज्यांचा म्हणून देशातलं कोर्ट तो वाचणार नाही, आणि देशांच्या वर कोर्टच नाही. ही पळवाट आपणही पुढे चालवली. संविधानाचं कलम ३६३ संस्थानिकांशी झालेल्या तहांचे आणि करारांचे वाद न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवतं. त्याच संविधानाचं कलम ५१ मात्र आंतरराष्ट्रीय कायदा आणि तहातली बंधनं यांच्याविषयी आदर वाढवायला सांगतं. माझं मन ५१ कडे आहे.

असाच एक मराठी तह, नागपूरचा नव्हे, पुण्याचा, पुढे खरोखर कोर्टापुढे उभा राहिला. १७७९ च्या तहाने पेशव्यांनी पोर्तुगीजांना दमणजवळच्या गावांतून वर्षाला १२,००० रुपयांचा वसूल देऊ केला होता. १७८३ आणि १७८५ मध्ये दादरा-नगर हवेलीतली गावं त्यासाठी लावून दिली गेली. १९५४ च्या जुलै-ऑगस्टात स्वयंसेवकांनी ती मुक्त केली. त्यांत गायक-संगीतकार सुधीर फडके होते. २२ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला: दमणहून तिथे जायची वाट आम्हाला द्या. भारतातर्फे महान्यायवादी सेटलवाड उभे होते आणि खास न्यायाधीश म्हणून छागला बसले होते. आपली बाजू अशी की १७७९ चा तह रीतसर झालेलाच नाही.

निकाल १२ एप्रिल १९६० चा. न्यायालयाने म्हटलं, तह आजच्या रीतीने मोजू नका. मराठ्यांनी तो बंधनकारक मानला आणि पाळला, तेव्हा तो तह आहे. मात्र त्याने दिला तो सरंजामी वसूल, सार्वभौमत्व नव्हे. इंग्रजी अमदानीपासून चालत आलेल्या वहिवाटीमुळे माणसांना, मुलकी अधिकाऱ्यांना आणि मालाला वाट होती. फौजेला, शस्त्रांना नव्हती. १९५४ मध्ये ती अडवून भारताने बंधन मोडलं नाही, कारण परिस्थितीच तशी तणावाची होती.

सौसरच्या कोणत्याही शेतकऱ्याला हा निकाल परका वाटणार नाही. धुऱ्यावरून बैलगाडी न्यायचा वाद तहसीलीत जातो. तहसीलदार मौक्यावर चौकशी करतो, पूर्वीची रूढी काय होती ते विचारतो आणि दोघांची सोय पाहून वाट ठरवतो. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेचं कलम १३१ हेच सांगतं. हेगला फरक इतकाच की तिथे हुकूम बजावायला पटवारी नाही.

म्हणून कायदा पोकळ ठरतो असं मला वाटत नाही. १८५४ मध्ये नागपूरच्या राण्यांना पटवारी नव्हता एवढीच उणीव नव्हती. त्यांचा तह वाचणारा तिसराच कोणी नव्हता. १९५५ च्या त्या दाव्यात हेगच्या न्यायालयाला अधिकारच नाही म्हणणारा भारत २०१७ च्या मे महिन्यात पाकिस्तानने फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधवांसाठी स्वतः त्याच्या दारात गेला, नागपूरच्या हरीश साळव्यांना घेऊन. १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने ठरवलं की पाकिस्तानने वकिलातींविषयीचा व्हिएन्ना करार मोडला, आणि शिक्षेचा फेरविचार करायला सांगितलं. पाकिस्तानने सगळं मनापासून केलं नाही. पण सप्टेंबरात वकिलातीच्या अधिकाऱ्याला भेट दिली, २०२१ मध्ये फेरविचाराचा कायदा केला, आणि फाशी दिलेली नाही.