दाताखालचा इतिहास

मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवरच्या एका अरुंद दुकानात, ग्रामोफोनचे कर्णे आणि जहाजांवरचे पितळी दिवे यांच्या मागे बिस्किटांचा एक गंजका डबा असायचा. त्यात बिनकुलपाच्या चाव्या, चष्म्याच्या दांड्या, घड्याळांचे पट्टे आणि अगदी तळाशी पाच-सहा जुने पाइप. १९९४च्या पावसाळ्यात मी तिथे शिरले होते ती औषधांच्या जुन्या बाटल्या बघायला. दुकानदाराने डबा उपडा केला, त्यातला एक पाइप मी उचलला आणि हाताच्या सवयीने उजेडाकडे तिरका धरला. दातांत धरायच्या काळ्या नळीवर वरून दोन आणि खालून एक असे खोल दाब उमटले होते. वरचा डावा सुळा, त्याला लागून असलेली उपदाढ आणि खालचा किंचित फिरलेला एक दात. माणूस कोण, कुठला, काही कळायला मार्ग नव्हता. पण त्याचा चावा माझ्या तळहातावर होता. चाळीस रुपये सांगितले, तेवढे मी घासाघीस न करता दिले.

मी दंतवैद्य. पुण्यात पस्तीस वर्षं दवाखाना चालवला. तंबाखू तोंडाचं काय करते हे मी रोज पाहिलं आहे. मशेरी लावून हिरड्या काळवंडलेल्या बायका पाहिल्या, २०१२मध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आल्यानंतरही तोंड दोन बोटं उघडत नाही अशी विशीतली मुलं पाहिली. मी स्वतः कधी झुरका घेतलेला नाही आणि कुणी घ्यावा असंही मला वाटत नाही. तरीही गेली तीस वर्षं जुन्या बाजारांत पाइप शोधत हिंडते, कारण माणसाने रोज दाताखाली धरलेली आणि त्याच्यामागे उरलेली अशी दुसरी वस्तू मला माहीत नाही. कवळीचं सोडलं तर.

कवळीवरून सांगायचं तर ती काळी नळी मी दुकानातच ओळखली होती. कॉलेजात आमच्या विभागाच्या कपाटात जुन्या कवळ्या ठेवलेल्या असत, गडद लालसर-तपकिरी, जड. त्यांचा पाया व्हल्कनाइटचा, म्हणजे गंधक भरपूर घालून शिजवलेल्या कडक रबराचा. चार्ल्स गुडइयरने रबरात गंधक मिसळून तापवण्याचं पेटंट १८४४मध्ये घेतलं आणि त्याचा भाऊ नेल्सन याने १८५१मध्ये कडक रबराचं. त्या दशकापासून कवळ्यांचे पाये त्याचे होऊ लागले आणि १९३०च्या दशकाच्या अखेरीस अॅक्रिलिक येईपर्यंत होत राहिले. पाइपच्या नळ्याही त्याच मालाच्या. उन्हात राहिल्या की हिरवट-तपकिरी पडतात, ओल्या फडक्याने जोरात घासल्या तर गंधकाचा वास येतो. बाजारात नळी खरी की नंतर बसवलेल्या प्लास्टिकची, हे मी आजही नाकानेच ठरवते. आपल्या खापरपणजोबांच्या पिढीतल्या एखाद्या माणसाच्या तोंडात दातही व्हल्कनाइटवर बसवलेले आणि त्या दातांत धरलेला पाइपही व्हल्कनाइटचा, असं सहज घडलं असेल.

दातांनी पाइपवर खुणा केल्या तशा पाइपनेही दातांवर केल्या. दात झिजवणारे हे पाइप लाकडी नव्हते. इंग्लंडात सोळाव्या शतकाच्या शेवटी तंबाखू आली तेव्हापासून तीनशे वर्षं सामान्य माणूस ओढायचा तो भाजक्या पांढऱ्या मातीचा पाइप. माती कणखर, दात त्या मानाने मऊ. तिथल्या जुन्या दफनभूमी उकरल्या गेल्या तेव्हा कित्येक कवट्यांत वरच्या-खालच्या सुळ्यांपाशी गोल खाच सापडली. दात मिटले की मधोमध नळी जाईल एवढं भोक. वर्षानुवर्षं एकाच जागी पाइप धरल्याची ती झीज. अशा दातांचं छायाचित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमच्याकडची शिंपीकाम करणारी माणसं आठवली. दोरा तोडून तोडून त्यांच्या पुढच्या दातांना अशीच बारीक खाच पडते.

असा मातीचा एक तुकडा माझ्याकडे आहे. लंडनला मुलीकडे गेले असताना पोर्टोबेलो रोडच्या शनिवारच्या बाजारातून आणलेला, करंगळीएवढा, नुसता नळीचा. जे. सी. हॅरिंग्टन या अमेरिकी पुरातत्त्वज्ञाने १९५४मध्ये दाखवून दिलं की या नळ्यांचं भोक काळाबरोबर बारीक होत गेलं. १६००च्या आसपास एका इंचाचे ६४ भाग केले तर त्यातले नऊ, आणि १७५०नंतर चार. मोजायला त्याने साधी ड्रिलची पाती वापरली. माझ्याकडे दाताची ड्रिलं होती! सरळ हँडपीसला लावायच्या बरची, म्हणजे त्या पात्याची, दांडी २.३५ मिलिमीटर जाड असते. ती माझ्या तुकड्यात अलगद, जराही न खुळखुळता गेली. म्हणजे सहा भाग. हॅरिंग्टनच्या कोष्टकात तो काळ १६८० ते १७१०. ही पद्धत एका तुकड्यासाठी नाही, ढीगभर तुकडे मोजून सरासरी काढावी तेव्हा ती खरी ठरते, हे मला माहीत आहे. तरी त्या संध्याकाळी मुलीच्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं राहून मी मनात जुळवत होते: शिवाजी महाराज गेले १६८०मध्ये, औरंगजेब मेला १७०७मध्ये. इकडे ती सत्तावीस वर्षांची झुंज चालू असताना तिकडे थेम्सकाठी कुणीतरी हा पाइप संपवून फेकला असावा.

तंबाखू आपल्याकडे तोवर चांगली रुजली होती. शब्द पोर्तुगीजांचा आणि पानही त्यांनीच आणलेलं. १५१०मध्ये गोवा घेतल्यावर दख्खनची बंदरं त्यांना मोकळी झाली. अकबराचा वकील असदबेग विजापूरच्या आदिलशाही दरबारात गेला, तिथे त्याने तंबाखू पहिल्यांदा पाहिली आणि १६०४च्या सुमारास ती रत्नं जडवलेल्या नळीसकट आग्र्याला नेली. त्याने स्वतःच हा प्रसंग लिहून ठेवला आहे. बादशहाने कुतूहलाने दोन-चार झुरके घेतले, हकिमाने अडवलं, दरबारात वाद झाला. जहांगीरने १६१७मध्ये बंदी घातली, ती कुणी मनावर घेतली नाही. मला यातलं एकच महत्त्वाचं वाटतं: उत्तरेला तंबाखू दख्खनने दिली. आपण ती चिलमीत आणि गुडगुडीत ओढली. चिलमीला दात लागत नाहीत. ओल्या छापीवर मूठ आणि मुठीवर ओठ. म्हणून शंभर चिलमी पाहिल्या तरी त्या ओढणाऱ्यांचं तोंड मला वाचता येत नाही. पुण्यात राजा केळकर संग्रहालयात हुक्क्यांचे घाट पाहताना हेच मनात येतं. पण दिनकर केळकरांबद्दल मला जो आदर आहे तो याहून मोठा आहे. अडकित्ते, दिवे, दौती, फण्या अशी रोजच्या हाताळण्यातली वस्तू इतिहास म्हणून जपायची असते हे त्यांनी वाड्यावाड्यांतून आणि बाजारांतून गोळा करून दाखवलं, सात वर्षांच्या मुलाच्या मृत्यूनंतर त्याच्या नावाने संग्रहालय उभं केलं. मी पाइप हातात घेते तेव्हा कुणाच्या पायवाटेने चालते आहे याची मला जाणीव असते.

आज दिसतो त्या लाकडी पाइपचा जन्म मात्र खूप अलीकडचा, १८५०च्या दशकातला, आणि गाव फ्रान्समधलं. ज्युरा डोंगरातलं सेंट-क्लोद हे तीर्थक्षेत्र. संताच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी तिथले खरादी लाकडाच्या जपमाळा नि लहानसहान वस्तू कातायचे. पंढरपुरात तुळशीच्या माळा करतात तशा. यात्रेवर पोट असलेलं गाव. हात कातकामाला सरावलेले, म्हणून पाइपच्या नळ्या आणि लाकडी पाइपही करू लागले. पण बॉक्सवुडसारखं लाकूड निखाऱ्यापुढे जळायचं. मग भूमध्य समुद्राकाठच्या ब्रायर झुडपाच्या मुळाची गाठ त्यांच्या हाती आली. जमिनीलगत कांद्यासारखी फुगणारी ही गाठ, कित्येक दशकं वाढलेली, वणव्यातही तग धरून पुन्हा फुटवा देणारी. ती खणायची, ओली ठेवून कापायची, तासन्‌तास उकळायची, महिनोन्‌महिने सुकवायची. एवढं केल्यावर ती सहजी जळत नाही आणि धुरातली ओलही शोषून घेते. फ्रेंचमधल्या ब्रुयेरचं इंग्रजांनी ब्रायर केलं. सेंट-क्लोदच्या आन्री कोमॉय याने १८७९मध्ये लंडनला कारखाना काढला आणि हे कसब खाडी ओलांडून गेलं. तिथून बोटीने मुंबईला. भेंडी बाजाराच्या टोकाला बिस्किटाच्या डब्यात पडलेल्या पाइपमागे मूळ आहे ते जपमाळ कातणाऱ्या हातांचं, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

बाजारात पाइप कसा पाहावा हे मी चुकतमाकत शिकले. वाटीच्या कडेवरून अंगठा फिरवायचा. काडीने नेहमी एकाच बाजूने पेटवला असेल तर तिथे कड जळून खाली गेलेली असते. आत काजळीचा थर नाण्याएवढा असावा, फार जाड असला तर वाटीला तडा जातो. मग देठावरचे, म्हणजे वाटी आणि नळी यांच्या मधल्या लाकडावरचे, आणि नळीवरचे छाप. डनहिल कंपनीच्या नळीवर वरच्या अंगाला पांढरा ठिपका असतो, कारण हाताने घडवलेल्या नळीची वरची बाजू कुठली ते ओढणाऱ्याला कळावं. त्या ठिपक्याला बाजारात भाव आहे, म्हणून तो खोटाही होतो. एकदा मी त्यापायी चांगले दोन हजार घालवले. घरी येऊन स्पिरिटचा बोळा फिरवला आणि ठिपका बोळ्यावर आला. खरा ठिपका रंगवलेला नसतो, बसवलेला असतो. आमच्या दातातल्या भरणीसारखा. हे मला तरी सुचायला हवं होतं.

देठावर चांदीचं कडं असेल तर त्यावरचे बारीक छाप भिंगाखाली धरायचे. चालणारा सिंह म्हणजे चांदी अस्सल, नांगर म्हणजे बर्मिंगहॅमच्या पारख-कार्यालयात तपासलेली, आणि एक अक्षर, ज्यावरून साल निघतं. पण माझ्या संग्रहातला सगळ्यात बोलका छाप चांदीवरचा नाही, लाकडावरचा आहे. डब्लिनच्या पीटरसनचा पाइप. चार्ल्स पीटरसन मूळचा लॅटव्हियाचा, न्यूरेंबर्गहून आलेल्या काप बंधूंच्या दुकानात भागीदार झालेला. देठावर अक्षरं आहेत ‘आयरिश फ्री स्टेट’. हे नाव त्या देशाला फक्त १९२२ ते १९३७ एवढंच होतं. नव्या राज्यघटनेने ते ‘एअर’ केलं, १९४९मध्ये आयर्लंड प्रजासत्ताक झालं आणि पाइपवरचा छाप प्रत्येक वेळी बदलत गेला. इंग्रजांच्या ताब्यातून सुटलेल्या एका देशाचं पंधरा वर्षांचं नाव असलेला पाइप कुणीतरी इंग्रजांच्या ताब्यातल्या मुंबईत ओढत होतं. तो ओढणारा गोरा होता की काळा, मला फार वाटतं की कळावं.

त्याच पाइपच्या नळीला धुराचं भोक टोकाला नाही, वरच्या अंगाला आहे. पीटरसनने १८९८मध्ये घेतलेलं पेटंट. जीभ भाजू नये म्हणून धूर वर, टाळूकडे वळवायचा. चतुराई खरीच. पण पाइप ओढणाऱ्यांची टाळू मी पाहिली आहे. ती पांढुरकी, जाड होते आणि तिच्यावर लाळग्रंथींची तोंडं लाल ठिपक्यांसारखी उठून दिसतात. झ्योमरिंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने पाइप ओढणाऱ्यांच्या ओठाच्या कर्करोगाबद्दल १७९५मध्येच लिहिलं होतं. त्यानंतर शंभर वर्षांनी ही नळी निघाली. ती मी बाकीच्या पाइपांबरोबर ठेवत नाही, वेगळी ठेवते.

आता मटण स्ट्रीटवर पाइप क्वचित निघतो. शुक्रवारी दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो, त्यात पहाटे गेलं तर कधी नुसती नळी मिळते. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी. लोखंड, मोटारींचे भाग, बूट, भांडी. तिथे लाकडाला वजनाचा भाव नाही, म्हणून पाइप कडेला पडलेला असतो. गेल्या दिवाळीनंतरच्या एका बुधवारी सकाळी गोणपाटावर मला एक दिसला. विकणारी बाई म्हणाली, “ताई, इंग्रजी चिलीम हाय. भवानी करा.” दीडशे रुपये दिले.

वाटी ब्रायरची, देठावर चौकटीत तीन ‘बी’, म्हणजे लंडनचा जुना कारखाना. देठाला तडा गेलेला आणि त्यावर पितळी तार इतकी एकसारखी आवळून गुंडाळलेली, की नख शिरत नाही. मूळची नळी तुटली असणार, कारण तिच्या जागी म्हशीच्या शिंगाची नळी आहे. कुणा इथल्या खराद्याने कातलेली, आतलं भोक दोन्ही टोकांनी पाडून मधे जुळवलेलं. तिथे बारीकशी पायरी राहिली आहे, ती माझ्या सुईला लागते. सांधा घट्ट बसावा म्हणून मेण लावलेला सुती दोरा. एवढा खटाटोप करून ज्याने हा पाइप पुन्हा ओढता केला त्याने तो पुढे बरीच वर्षं ओढला, कारण शिंग असूनही त्यावर डाव्या बाजूला दातांचे ठसे खोल गेले आहेत. पहिला ठसा सुळ्याचा. दुसरा पहिल्या दाढेचा. मधे शिंग गुळगुळीत आहे. तिथले दात पडलेले होते.