भत्ता, भात आणि मामांची ट्रंक

मालवणला आमच्या मामांच्या ओटीवर एक काळी पत्र्याची ट्रंक आहे. मामा फौजेत अठ्ठावीस वर्षं होते आणि निवृत्त होऊनही आता चाळीसेक वर्षं होत आली. एवढ्या काळात मामांचे केस गेले, दात गेले, पण ट्रंक शाबूत आहे. तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगात मामांचा नंबर आणि त्याखाली गावांची नावं. बदली झाली की जुन्या नावावर काळा पट्टा मारायचा आणि खाली नवं नाव रंगवायचं. बेळगाव, अहमदनगर, झाशी, पठाणकोट... लहानपणी हिंदुस्थानचा भूगोल मी या झाकणावरून शिकलो. पुढे त्याच विषयात नापास झालो, कारण मास्तरांच्या नकाशात पठाणकोट झाशीच्या खाली नव्हतं.

गेल्या मे महिन्यात ती ट्रंक माझ्यासमक्ष उघडली गेली. फौजी माणसाच्या ट्रंकेत निदान एखादी संगीन तरी निघेल, अशी माझी अपेक्षा. निघाले ते सुतळीने बांधलेले कागदांचे गठ्ठे! प्रवासभत्त्याची बिलं, सामानाच्या पावत्या आणि हिशेबाच्या कचेरीशी झालेला पत्रव्यवहार.

"मामा, लढाईचं काहीच नाही यात?"

"लढाया दोन झाल्या रे," मामा म्हणाले, "बदल्या अकरा!"

त्या गठ्ठ्यात त्रेचाळीस रुपये साठ पैशांचं एक बिल होतं. सामानाच्या वजनाची पावती जोडलेली नाही, म्हणून कुणीतरी लाल शाईत हरकत घेऊन ते परत पाठवलं होतं. मामा त्याचं उत्तर अजून देणार आहेत. मजकूर तयार आहे म्हणतात.

फौजेतला माणूस सुट्टीवर निघाला की त्याला रेल्वेचं वॉरंट मिळतं. मामांनाही मिळायचं. अडचण एवढीच होती, की मामांच्या गावाला रेल्वे नव्हती. त्यामुळे सरकारी खर्चाने अर्धा हिंदुस्थान ओलांडून आलेले मामा बेळगावला उतरायचे आणि तिथून ट्रंकेसह एस.टी.च्या रांगेत उभे राहायचे. पुढे २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे सुरू झाली, कुडाळला स्टेशन झालं, पण तोवर मामा निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली होती. सरकार द्यायचं ते देतं. फक्त माणूस आणि रूळ यांची गाठ पडावी लागते.

हा 'भत्ता' शब्द मूळचा कुठला, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात शिरलं. कंपनी सरकारचे साहेब त्याला 'बॅटा' म्हणत. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' नावाच्या कोशात एक तर्क दिला आहे. कानडीत भाताच्या साळीला 'भत्त' म्हणतात, त्यावरून शिपायाच्या पोटगीला हे नाव पडलं असावं. म्हणजे भत्ता म्हणजे मूळचा भातच! मालवणी माणसाला ही व्युत्पत्ती पटायला पुरावा लागत नाही. घराबाहेर काढलेल्या माणसाच्या भाताची सोय कुणी करायची, एवढाच या विषयातला खरा प्रश्न आहे.

आणि तो जुना आहे. मामांच्या ओटीवरून माडांच्या फटीतून सिंधुदुर्ग दिसतो. २५ नोव्हेंबर १६६४ला त्याचा पाया घातला गेला आणि तीनच महिन्यांत, फेब्रुवारी १६६५मध्ये, शिवाजीमहाराज याच मालवणहून पंच्याऐंशी गलबतं आणि तीन मोठी जहाजं घेऊन खाली बसरूरवर गेले. परतताना गोकर्णावरून कारवारला आले. तिथल्या व्यापाऱ्यांनी मिळून खंडणी भरली, त्यात इंग्रजांच्या वखारीचा वाटा एकशेबारा पौंड. मोहिमेचा प्रवासखर्च परमुलखातून वसूल करायची ही रीत त्या काळी सगळीकडे होती. इंग्रजांनी तो आकडा नीट टिपून ठेवला, याचाच अर्थ त्यांना तो लागला होता.

पण आपल्याच मुलखात फौज मुक्कामाला आली तर? राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणला घोडदळाची छावणी पडली होती. तिथल्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना महाराजांनी धाडलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. मला ते वाचताना नेहमी भत्त्याचं परिपत्रकच वाटतं. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आत्ताच मनमुराद उडवलीत, तर भर पावसात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही गावात शिराल; कुणी दाणे आणील, कुणी भाकरी, कुणी गवत, कुणी लाकूड, कुणी भाजी. कुणबी घर सोडून पळेल आणि म्हणेल, यापेक्षा मोगल बरे. त्यात उंदरांसाठीही एक कलम आहे! रात्री दिवा जळता ठेवलात आणि उंदराने वात पळवून गवताच्या गंजीत नेली, तर सगळी वैरण जळून जाईल. आमच्या कचेरीत एवढा पुढचा विचार करणारा एकही साहेब मला भेटला नाही. आमच्याकडे उंदीर फायलीच नेत.

त्या पत्राचं मर्म मला असं दिसतं, की फौज हलते तेव्हा तिचा भत्ता कुणी ना कुणी देतोच. राजाने दिला नाही, तर तो कुणब्याच्या चुलीवरून उचलला जातो.

कंपनीच्या राज्यात तो शिपायाच्या खिशातून जाऊ लागला. गोऱ्या अधिकाऱ्यांचं दुखणं निराळं. १७६६ साली क्लाइव्हने त्यांचा दुप्पट भत्ता बंद केला, तेव्हा बंगालमधल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी गट्टी करून राजीनामे दिले. काहींना नोकरीतून काढलं. पण बरेचजण पुढे परत कामावर आले. आता १८२४ साल बघा. बराकपूरच्या सत्तेचाळिसाव्या पलटणीला ब्रह्मदेशाच्या लढाईवर निघायचा हुकूम आला. शिपायाने आपली पितळी भांडीकुंडी आणि सामान वाहायला बैल स्वतः भाड्याने घ्यायचे, अशी पद्धत. पण बंगालमधले बैल सरकारनेच लष्करासाठी उचललेले, उरलेल्यांचे भाव आभाळाला भिडलेले. शिपाई म्हणाले, बैल द्या, नाहीतर दुप्पट भत्ता द्या. २ नोव्हेंबर १८२४ रोजी, कवायतीच्या मैदानावर, सरसेनापती पॅजेट यांनी तोफांनी उत्तर दिलं. ओझ्याच्या बैलापायी माणसं मारली गेली आणि पलटणीचं नाव यादीतून खोडलं.

आणखी एक तऱ्हा. परमुलखात चाकरी असेल तर शिपायाला जादा भत्ता मिळे. १८४३ साली सिंध जिंकला. जिंकला म्हणजे तो आता कंपनीचाच मुलूख, मग जादा भत्ता कशाला? १८४४मध्ये काही पलटणी त्यावाचून सिंधला जायला तयार होईनात. म्हणजे हरलात तर जीव जाणार, जिंकलात तर भत्ता जाणार!

हे मामांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वजनाची पावती त्यांच्याकडेही मागितली असेल."

आता दिवस पुष्कळ बदलले आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. सातव्या वेतन आयोगानंतर, म्हणजे २०१७ पासून, लांबच्या बदलीला मूळ पगाराच्या ऐंशी टक्के रक्कम एकदम मिळते आणि सामान न्यायचा खर्च निराळा. सामानाची मर्यादा मात्र पगाराच्या पायरीवर ठरते. नाइकाच्या पायरीपर्यंत दीड हजार किलो, हवालदाराला तीन हजार आणि नायब सुभेदाराला सहा हजार. घरात माणसं तेवढीच, पण खांद्यावर एक पट्टी वाढली की संसाराचं वजन दुप्पट!

हे सगळं मी मोठ्या आवाजात वाचून दाखवत होतो. मामी दारात उभी राहून ऐकत होती. अकरा बदल्यांपैकी सहांत ती मामांबरोबर होती. बाकीच्या पाचांत मामा सीमेवर आणि ती इथे, सासू-सासरे आणि दोन पोरांसह.

"त्या कागदात माजा काय लिवलाहा काय रे?" तिने विचारलं.

"म्हणजे काय, मामी?"

"सहा चुली मांडलंय नि सहा मोडलंय. झीलान पाच शाळा बदलल्यान. झाशीक लायलेला लिंबू मी खाल्लंय नाय, माज्या मागसून इलेल्या बायेन खाल्ल्यान. तेचा बिल खंय लावतत?"

मामा कागद चाळू लागले. जणू असलं एखादं बिल गठ्ठ्यात असेल आणि आपल्याच नजरेतून निसटलं असेल. मीही माझी टिपणं चाळली. क्लाइव्ह होता, पॅजेट होता, बैल होते, उंदीरसुद्धा होते. लिंबाचं झाड लावून निघून गेलेली बाई कुठेच नव्हती. भत्ता कुणी ना कुणी देतोच, असं मी मघाशी ऐटीत म्हटलं होतं. मामांच्या अकरा बदल्यांतला पुष्कळसा कुणी दिला, ती व्यक्ती तीन हातांवर पदर खोचून उभी होती.

मामांनी गठ्ठ्याला पुन्हा सुतळी बांधली. त्रेचाळीस रुपये साठ पैशांचं बिल मात्र बाहेर ठेवलं, त्याच्या पाठीमागे पेन्सिलीने काहीतरी लिहिलं आणि घाईघाईने घडी घातली. मला दाखवलं नाही.

"चला उठा," मामी म्हणाली. "इतिहास खंय पळत नाय. मी भत्तो वाढलंय, थंड होता."

आम्ही दोघंही निमूट उठलो. बिनपावतीचा भत्ता होता. कुणी हरकत घेतली नाही.