फोड, विस्फोट आणि प्रतिपिंड

कर्जत व खालापूर तालुक्यांतील घाटपायथ्याच्या खेड्यांत, उर्वरित महाराष्ट्राप्रमाणेच, अंगावर उठणाऱ्या फोडांची नावे ठरलेली आहेत : देवी, कांजिण्या, नागीण. यांपैकी देवी हे नाव कोपलेल्या दैवताकडे बोट दाखविते, तर नागीण हे फोडांच्या वेढ्यासारख्या ओळीकडे. वस्तुतः हे तिन्ही रोग विषाणुजन्य होत. परंतु ज्या फोडांचे कारण बाहेरून येत नाही, त्यांना मराठीत रूढ असे नाव नाही. प्रस्तुत टिपणात त्यांच्या ज्ञानाचा इतिहास थोडक्यात पाहावयाचा आहे.

माधवनिदानात विस्फोटाचे स्वतंत्र प्रकरण असून भाजल्यासारखे फोड व ज्वर ही लक्षणे तेथे सांगितली आहेत. तथापि, केवळ वर्णनसाम्यावरून त्याची आजच्या रोगाशी सांगड घालणे युक्त नव्हे. युरोपातही हीच अडचण होती. ‘पेम्फिगस’ हा शब्द फोड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला, आणि दीर्घकाळ तो अनेक भिन्न रोगांना लावला गेला. १७९१ साली विखमान याने त्याचा अर्थ बराचसा निश्चित केला. पुढे १९५३ साली लीव्हर याने सूक्ष्मदर्शकाच्या आधारे ‘पेम्फिगॉइड’ हा रोग वेगळा काढला. पेम्फिगसमध्ये बाह्यत्वचेच्या पेशीच परस्परांपासून सुटतात. पेम्फिगॉइडमध्ये मात्र बाह्यत्वचा खालच्या थरापासून सुटते.

हे बंध कशाने तुटतात, याचा मागोवा १९६४ साली लागला. ब्यूटनर व जॉर्डन यांना पेम्फिगसच्या रोग्यांच्या रक्तजलात त्वचेच्या पेशींना चिकटणारे प्रतिपिंड आढळले. पण आढळणे म्हणजे कारण असणे नव्हे. तो पुरावा १९८२ साली मिळाला : रोग्यांचे प्रतिपिंड नवजात उंदरांना टोचताच त्यांच्या त्वचेवर फोड उठले, असे अनहाल्ट व सहकाऱ्यांनी दाखविले. १९९१ साली अमागाई, स्टॅनली आदींनी या प्रतिपिंडांचे लक्ष्य, म्हणजे डेस्मोग्लीन ३ हे प्रथिन, निश्चित केले. या नावातील ‘डेस्मोस’ म्हणजे बंध.

कॉर्टिझोनवर्गीय औषधांपूर्वी पेम्फिगसचे बहुतेक रोगी दगावत. आपल्या देशात पसरिचा व गुप्ता यांनी १९८४ साली डेक्सामेथासोनची मोठी मात्रा ठराविक अंतराने देण्याच्या पद्धतीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सायक्लोफॉस्फामाइडची जोड असलेली ही पद्धत पुढे भारतात सर्वत्र रूढ झाली. आता प्रतिपिंड निर्माण करणाऱ्या पेशींच्या पूर्वजांवरच नेम धरणारे रिटुक्झिमॅबही वापरात आहे.

नावाचा प्रश्न म्हणूनच केवळ कोशकारांचा नव्हे. अनामिक रोगावर शेजारच्या रोगाचे नाव चढते. त्याबरोबर स्पर्शाचे भय आणि उपचारांतला विलंबही येतो. हा रोग संसर्गाने पसरत नाही, हे रोग्याच्या घरच्यांना प्रथम कळावयास हवे. ‘स्वप्रतिपिंड’ ही संज्ञा रूढ झाल्यास, दोष दैवताचा नव्हे, स्पर्शाचाही नव्हे, एवढे तरी तिच्यातून उमगेल.